मांडवातून गेलेला माल

पुण्याहून भिवंडीला थेट एसटी जाते, हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. आई मला गाडीत बसवायला आली होती. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहून ती एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होती. तिथे तू एकटी जाऊन करणार काय?

"लोकांशी बोलणार," मी म्हणाले.

आईला हसू आवरेना. जी मुलगी वाण्याकडे साखर मागायची तर मागे उभी राहून दुसऱ्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ देते, ती भिवंडीत लोकांशी बोलणार होती.

खरं तर माझं काम बोलण्याचं नव्हतंच. बापट सरांच्या छोट्याशा कचेरीत आम्ही शहरांच्या माल-वाहतुकीचे आराखडे करतो. ट्रकनी कुठून यावं, कधी यावं, कुठे उभं राहावं, असं ते काम. भिवंडीच्या आराखड्यात एक कलम होतं. पडघ्याच्या अलीकडे महामार्गावरून एक रस्ता एका गावातून गोदामांकडे जातो. तो दिवसभर जड वाहनांना बंद करायचा आणि ट्रक फक्त रात्री सोडायचे. मागच्या वर्षी त्या रस्त्यावर शाळेत निघालेल्या एका मुलीच्या पायावरून कंटेनर गेला होता. गावाने तेव्हापासून ही मागणी लावून धरली होती. पण कलम कायम करण्याआधी ज्यांना ज्यांना त्याचा फरक पडतो त्या सगळ्यांना बसवून विचारायचं, हा सरांचा नियम. सभा गावात व्हायची होती. मी आदल्या दिवशी जाऊन सगळं बघून ठेवायचं आणि सभेत माईक फिरवायचा, एवढंच. माईक फिरवणाऱ्याला बोलावं लागत नाही, म्हणून मी आनंदाने हो म्हटलं होतं.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

कल्याण सोडून खाडीचा पूल ओलांडला तसा रस्त्याचा रंगच बदलला. धूळ, डिझेल, आणि दोन्ही बाजूंना उभे ट्रक. भिवंडीत उतरले तेव्हा पहिल्यांदा कानांना जाणवले ते लूम, म्हणजे यंत्रमाग. गल्लीच्या प्रत्येक दारातून खटखट येते, आणि ती इतकी एकसारखी असते की थोड्या वेळाने ती ऐकू येत नाही, पायाखाली कळते. भिवंडीतच टेमघर भागात सरांच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे माझी राहायची सोय होती. त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर बारीक थरथरत होती. "वीज गेली की थांबतं," बाई म्हणाल्या, "आणि ते थांबलं की आम्हाला चुकल्यासारखं होतं."

दुपारी मला गावात न्यायला रईसभाई आले. कापडाच्या गाठी लूमवरून गोदामात पोचवणारा त्यांचा टेम्पो होता, आणि उद्याच्या सभेचं बोलावणं त्यांनाही होतं. टेम्पोत पुढे मी, मागे गाठी. एका गल्लीत समोरून हातगाडी आली. तिच्यावर सुताने भरलेला बीम, म्हणजे कापडाचे उभे धागे गुंडाळलेला माणसाएवढा लांब रूळ. रईसभाईंनी टेम्पो चक्क एका पायरीवर चढवला, हातगाडी जाऊ दिली, आणि मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, वो कागज में हमको क्या लिखा है? स्टेकहोल्डर?"

"हो."

"मतलब?"

"ज्याला फरक पडतो तो."

"फिर तो पूरा भिवंडी आया!" ते हसले. "जेवण किती लोकांचं सांगितलंय शेठने?"

शेठ म्हणजे जयवंतशेठ. ते गावचे माजी सरपंच आणि रस्त्याच्या टोकाच्या गोदामाचे मालक. सभेची जागा त्यांनीच ठरवली होती. त्यांच्या मुलाचं लग्न होतं, आणि सभा नेमकी हळदीच्या दिवशी. सरांना त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "हलदीला आख्खा गाव येतो. खुर्च्या हायेत, माईक हाय, जेवान हाय. तुमाला आनि काय पायजे?" सरांना ही कल्पना फारच आवडली होती.

महामार्ग सोडून आत वळलो. भाताच्या खाचरांचे बांध अजून दिसत होते, पण खाचरांत पत्र्याची गोदामं उगवलेली. घरांच्या भिंती गुलाबी आणि पोपटी, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, आणि रस्ता एका ट्रकपुरता. समोरून दुसरा आला तर कुणाला तरी कुणाच्या तरी ओट्याला घासून जावं लागणार.

रईसभाई जयवंतशेठच्या गोदामात गाठी उतरवायला गेले. मी गोदामाच्या सावलीला उभी राहिले. तिथे चार बायका पाय पसरून बसल्या होत्या. लुगडी गुडघ्याइतकी वर नेसलेली, प्रत्येकीच्या मांडीवर चुंबळ (डोक्यावर ओझ्याखाली ठेवायचं कापडाचं वेटोळं). ट्रकची वाट बघत होत्या. त्यांतली एक माझ्याहून थोडी मोठी असेल. तिने सरकून मला जागा करून दिली. तिचं नाव जानी.

काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "उद्या गावात सभा आहे."

"कुनाची?"

"या रस्त्याची. दिवसा ट्रक बंद करायचे का, ते ठरवायला."

जानीने चुंबळ बाजूला ठेवली. "बंद? मंग कदी येतील?"

"रात्री."

"रातीला आमाला कोन बोलवंल? रातीला ठेकेदाराची पोरां हायेत. गोदामातच निजतात. आमी पाड्यावरनं येताव, त्या डोंगराकडनं. पोरां टाकून रातचं कशा येऊ?" तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "म्हंजे आमचा काम गेला."

"तुम्ही उद्या सभेला या ना."

चौघीही हसल्या. जानी म्हणाली, "आमाला बोलावनं कुटं हाय?"

"मी बोलावते."

"तुमी कोन?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

टेमघरला परतल्यावर मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "मालक म्हणाले होते, हमाली ठेकेदार बघतो. मी ठेकेदाराला बोलावलं. त्या बायकांचं मला कुणी सांगितलंच नाही." आणि मग, "पण उद्या आपण जयवंतशेठच्या घरी पाहुणे आहोत. हळदीत त्यांना अवघडल्यासारखं नको व्हायला. बघू, संधी मिळाली तर."

रात्रभर मांडणीवरची भांडी थरथरत होती. ती संधी कशी दिसेल, याचाच मी विचार करत पडले.

दुसऱ्या दिवशी सर मुंबईतलं काम आटोपून गाडीने आले आणि आम्ही गावात शिरलो. शिरलो म्हणण्यापेक्षा अडलो. रस्त्यावर मांडव होता. रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावर, या घराच्या ओट्यापासून त्या घराच्या ओट्यापर्यंत. केळीचे खांब, आंब्याचे टहाळे, वर निळं-पिवळं कापड, खाली लाल खुर्च्या.

"मांडव इथे?" सरांनी विचारलं.

"मंग कुटं?" जयवंतशेठ पांढऱ्या शर्टात, कपाळाला टिळा लावून, हसतमुख पुढे आले. "अंगनं होती तिथं आता गोदामां हायेत. मोकली जागा रस्त्याचीच. गावात समद्यांचे मांडव इथंच पडतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. मालाच्या रस्त्याचा विचार करायला आम्ही जी सभा भरवली होती, तिच्याच मांडवाने तो रस्ता बंद झाला होता. गावात कुणालाच यात काही वावगं वाटलं नव्हतं. हसावं की काय करावं, ते मला कळेना. तेवढ्यात आमच्या पाठीमागे हॉर्न वाजला. महामार्गाच्या बाजूने एक ट्रक येऊन मांडवाच्या कापडाला नाक लावून उभा होता. जयवंतशेठच्याच गोदामात जायचा माल.

सभा लगेच सुरू झाली नाही. मांडवाच्या एका कोपऱ्यात बायका हळद कुटत होत्या आणि त्यांच्या मध्ये एक वयस्कर बाई गात होती. आगरी लोकांत लग्नाचे विधी धवलारीण (गाऊन लग्न लावणारी बाई) करते. तिचं गाणं चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही, अगदी यजमानही. सर घड्याळ बघत होते, जयवंतशेठ हात बांधून उभे होते, आणि ट्रक मात्र वाजत होता.

"हिराबाय आहे ती," रईसभाई हळूच माझ्याजवळ म्हणाले. "जिच्या नातीचा पाय गेला ना, ती. इसके सामने कोई कुछ नहीं बोलेगा."

गाणं संपलं, आणि त्याबरोबर ट्रकचा ड्रायव्हर मांडवात शिरला. दूरच्या मुलखातला, डोळे झोपेने लाल झालेला.

"सेठ, गाड़ी खाली करनी है. शाम तक नासिक पहुँचना है मेरे को."

"दिसत न्हाय का मांडव?" एक तरुण पुढे झाला. "तुज्यासाठी काडू का?"

"दो घंटे से खड़ा हूँ भाई."

"मंग बस! हलद लावून जा!"

दोघा-तिघांनी त्याला घेरलं. कुणी तरी ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली, मग आणखी कुणी. ड्रायव्हरने एकाचा हात झटकला आणि लगेच त्याची कॉलर कुणाच्या तरी मुठीत आली. पोलीस ठाण्यातून सभेसाठी आलेले हवालदार खुर्चीतून अर्धे उठले आणि काय करावं न कळून तसेच राहिले. सर "अहो, अहो" म्हणत होते. मांडवाचा पहिला खांब पूजा करून रोवला की वऱ्हाड परत येईपर्यंत हलवायचा नसतो, असं जयवंतशेठ ड्रायव्हरला मोठ्या आवाजात समजावत होते, आणि ड्रायव्हरला त्यातलं काही कळत नव्हतं. मी माईक छातीशी धरून खांबाला टेकले होते.

"आमी नेताव."

आवाज ट्रकच्या बाजूने आला. जानी आणि तिच्या सोबतिणी त्याच्या सावलीला उभ्या होत्या. सकाळपासून तिथेच असणार. ट्रक रिकामा झाला नाही, तर त्यांचाही दिवस फुकट जाणार होता.

"डोक्यावरनं नेताव. मानूस तं जाईल ना मांडवातून?"

"हलदीच्या मांडवातून माल?" जयवंतशेठ गरजले. पण गरजून झाल्यावर त्यांनी पाहिलं हिराबायकडे. सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

हिराबायने हळदीचे हात पदराला पुसले. "मानूस गेला तं मांडव बाटत न्हाय. पायतान काडा आनि जा. हलदीच्या बाजून जाव नका, तिकरून जा." मग तरुणांकडे वळून, "आनि त्याला सोर रं. पावना हाय तो बी. पानी दे त्याला."

कॉलर सुटली. ड्रायव्हरला पाणी मिळालं, मग खुर्चीही.

अशी आमची सभा सुरू झाली. एका बाजूला हळद, एका बाजूला खुर्च्यांचं कडं, आणि मधून अनवाणी बायका साबणाची खोकी डोक्यावर घेऊन जात-येत होत्या. त्यांना वाट द्यायला लोक पाय आत ओढत होते, वर न बघता, जसे आपण झाडू मारताना ओढतो. माईकची वायर लांब होती. ती खुर्च्यांच्या मधून ओढत मी एकेकापुढे जायचे. माईक हळदीच्या भोंग्याला जोडलेला होता, त्यामुळे जो बोलेल त्याचा आवाज अख्ख्या गावात घुमायचा.

जयवंतशेठ म्हणाले, दिवसा ट्रक बंद झालेच पाहिजेत, गावाचा तो हक्क आहे. टाळ्या पडल्या. वाहतूकदारांचा माणूस म्हणाला, रात्र चालेल. ठेकेदार म्हणाला, माझी पोरं तयार आहेत. रईसभाईंनी माईक स्वतःच धरला. "अपना तो छोटा टेम्पो आहे, तो बंदीत येत नाही असं साहेब म्हणतात. येत नसेल तर मैं क्या बोलूँ? येत असेल तर मैं बहुत बोलूँगा." लोक हसले. हवालदार म्हणाले, वर कळवतो.

"आणखी कुणाला काही म्हणायचंय?" सरांनी विचारलं.

सरांनी कागदावर खूण करायला पेन उघडलं. बोलायचं तर आत्ताच. पण बोलणार तरी काय? तिचं बोलणं तिच्यासमोर मी बोलायचं?

त्याच वेळी जानी खोकं घेऊन खुर्च्यांच्या फटीत आली आणि थांबली. माईकची वायर तिच्या घोट्यापुढे ताणली गेली होती. दोन्ही हात वर, खोक्याला. तिने मला मानेने खूण केली, वायर उचल.

मी वायर नाही उचलली. माईक उचलला आणि तिच्या तोंडापाशी धरला.

एक क्षण भोंग्यातून फक्त तिचा श्वास ऐकू आला. सगळ्या गावाला. ती दचकली. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की मी हात मागे घेणारच होते.

"दिवसाची गारी बंद केली तं आमचा काम जातो," ती म्हणाली. स्वतःच्या घुमणाऱ्या आवाजाने ती परत थांबली. "पोरीचा पाय गेला तवा आमीच व्हतो हितं. आमीच उचलली तिला. आमाला बी पोरां हायेत. पन आमाला कुनी इचारला न्हाय."

"ए!" जयवंतशेठ उठले. "तू कोन गो? तुजा काय संबंध? मॅडम, माईक घ्या इकडं."

माझा हात खाली येईना. सरही उभे राहिले. "शेठ, एक मिनिट," ते म्हणाले. मागच्या खुर्च्यांतून कुणी तरी ओरडलं, "पोरीचा पाय परत देशील का?" ओरडणाऱ्याच्या बाजूने आणखी चार आवाज चढले. खुर्च्या सरकल्या.

हळद कुटायची मुसळं थांबली होती. हिराबाय उठून आली. तिने आधी जानीच्या डोक्यावरच्या खोक्याला हात लावला. "उतरव ह्यो. मान मोरंल." दोन पुरुषांनी खोकं खाली घेतलं. मग ती म्हणाली, "हिनंच उचललेली. मना ठाव हाय."

माईक मी तिच्यापुढे धरला. तिला त्याची गरज नव्हती.

"माजी नात रातचं ट्रक वाजला का उटून बसते. अंग कापतं तिचा. आता रातभर घराफुरून ट्रक न्यायचे म्हनता, तं ती निजंल कवा? कुनी इचारलाव मना? माज्या नावानं बंदी मागताव आनि मनाच इचारत न्हाय." ती जयवंतशेठकडे बघत होती. "शाला भरताना बंद. शाला सुटताना बंद. तवा समद्या गाऱ्या नाक्यावर उब्या करा. बाकी दिवसाच येव दे. रातचं एक नको."

मुलाच्या हळदीच्या दिवशी धवलारणीला उलट बोलण्याची जयवंतशेठची छाती झाली नाही. ते खाली बसले. सरांनी कलम खोडून नवीन लिहिलं, तिथेच वाचून दाखवलं, आणि हात वर करायला सांगितले. बहुतेकांनी वर केले. जयवंतशेठनी केला नाही. ते आपल्या मुकादमाला जवळ बोलावून हळू आवाजात काही सांगत होते, आणि दोघांचीही नजर जानीवर होती.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. कुणी तरी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. जानी रिकाम्या ट्रकच्या सावलीत बसून चुंबळ पुन्हा वळत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला पडघ्याच्या नाक्यावर पाठवलं. शाळेच्या वेळेला गाड्या थांबवायच्या तर तिथे जागा किती, ते बघायला. नाका जागा झाला होता. चहाच्या टपऱ्या, नाशिककडे जाणारे ट्रक, भाजीच्या पाट्या. रस्त्याच्या एका बाजूला बायका-पुरुष ओळीने उभे होते. गोदामांचे मुकादम जीप घेऊन येतात आणि तिथून माणसं निवडून नेतात. त्या ओळीत जानी होती, एकटीच.

मी जवळ गेले. "तुम्ही इथे?"

"शेटनं नको सांगितला. त्या तिघी गेल्या कामाला. मी हितं."

"माझ्यामुळे."

"तुमी भोंगा तोंडाशी धरला. डोक्यावर खोका, हात गुतलेलं, मी पलू कुटं?" ती हसली, पण थोडंसंच. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "शेटनं नको सांगितला तं दुसरी गोदामां हायेत. गाऱ्याच दिवसा आल्या नसत्या, तं मी कुटं गेली असती?"

एक जीप आली. लोक पुढे सरकले. मुकादम खाली न उतरता बोटाने माणसं निवडू लागला. जानीपाशी त्याचं बोट थांबलं. "तूच का गं ती भोंग्यावाली?" ओळीत हशा पिकला. गावापासून नाक्यापर्यंत गोष्ट एका रात्रीत पोचली होती. मी तोंड उघडलं, पण जानी माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"हो, मीच," ती म्हणाली.

"माज्याकडं तोंड चालवायचं न्हाय."

"आदी खोकी तं द्या. वज्याखाली कुनाचा तोंड चालतं?"

मुकादम हसला नाही. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्या वेळात दोन ट्रक गेले. मग त्याने मागे अंगठा केला. जानीने चुंबळ काखोटीला मारली, लुगडं आवरलं आणि ती जीपच्या मागच्या फळीवर चढली.

पुण्याला परतायची गाडी रिकामीच होती. कानशिलाजवळची हळद अजून निघाली नव्हती, आणि कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. मी घरी सांगायला चांगल्या गोष्टी जुळवत होते. गुलाबी घरं, बोंबलाची चटणी, हिराबायचा आवाज. पण मन परत परत त्या निवडणाऱ्या बोटापाशी जात होतं. सभेत माईक धरायला मला फक्त हात लांब करावा लागला होता. सभा संपल्यावर मी एसटीने घरी जाणार होते, सर मोटारीने, आणि बोलणारी मात्र तिथल्या तिथेच राहणार होती, दुसऱ्या दिवशी ओळीत. नवं कलम आमच्या आराखड्यात छापून गेलं. त्या रस्त्यावर तसा फलक लागला की नाही, ते मी पाहिलेलं नाही.

आठवड्याने कचेरीत सर पुढच्या गावाच्या सभेचं ठरवत होते. शाळेचा हॉल, पंचायतीची खोली, की मंगल कार्यालय? नेहमीप्रमाणे मी कोपऱ्यात बसले होते.

"नाक्यावर घेऊ," मी म्हणाले. सगळ्यांनी माना वळवल्या. माझे कान तापले. "सकाळी, मुकादमांच्या जीप यायच्या आधी. आणि भोंगा नको. एकेकाला बाजूला घेऊन विचारू. कोण काय बोललं, ते नाव न घेता लिहू."

"नाक्यावर बसायला जागा कुठे असते?" सरांनी विचारलं.

"ते लोक उभेच असतात, सर," मी म्हणाले. "आपणही उभे राहू."